लॉनसमोरचा कट

"ताई, तुम्ही इथून जा," रेहानाभाभी म्हणाल्या.

सिव्हिल हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरबाहेर एका बाकावर त्या बसल्या होत्या. मांडीवर मुलीची ओढणी आणि ओढणीत गुंडाळलेली एकच चप्पल. मी खांद्यावर हात ठेवायला वाकले, तर त्यांनी खांदा काढून घेतला.

"भाभी, मी डॉक्टरांशी बोलते. बाहेरून कोणाला बोलवायचं असेल तर..."

"कोणाला बोलवू नका. गुडघ्याखाली काही ठेवता येणार नाही म्हणाले. सही केली मी. आता तुम्ही जा."

मला वाटलं, धक्क्यात आहेत. आईच ती. पण बाकावर बसलेल्या त्यांच्या नणंदेनंही तोंड फिरवलं. मोहल्ल्यातली दोन माणसं होती, ती एरवी 'सलाम ताई' म्हणत उभी राहायची. त्यांतलं कोणी जागचं हललं नाही. मी तशीच जिना उतरून खाली आले.

तस्नीम माझी विद्यार्थिनी. नगरसेविका होण्याआधी मी कन्या शाळेत पीटी शिकवायचे. खो-खोच्या संघात ती होती. पळायला लागली की मैदानाबाहेरच्या बायका भाजीच्या पिशव्या खाली ठेवून बघायच्या. नंतर ती नर्सिंगला गेली. त्या संध्याकाळी कॉलेजातून स्कूटीवर घरी येत होती. स्टेशन रोडवर चैत्रगौर लॉन्समध्ये लग्न होतं. मागून पाहुण्यांनी भरलेली जीप आली आणि न बघता डिव्हायडरच्या कटमधून लॉनच्या दिशेनं वळली. तस्नीम जीप आणि डिव्हायडर यांच्यामध्ये सापडली.

तो कट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होता. स्टेशन रोडला मधोमध काँक्रीटचा डिव्हायडर आहे, कॉलेजपासून थेट स्टेशन चौकापर्यंत. वळायचं असेल तर चौकात जाऊन वळायचं. फक्त या लॉनसमोर डिव्हायडर फोडून एक गाडी जाईल एवढी वाट केलेली होती. तिथे दर लग्नसराईत कोणी ना कोणी आपटायचं. कोणाचा हात मोडायचा, कोणाची गाडी. लोक शिव्या घालून पुढे जायचे. लॉन गिरमे नावाच्या माणसाचं आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

वॉर्ड माझाच. आधी आमचे हे, दिनकरराव टेकाळे, तिथून दोनदा निवडून आले होते. गावात त्यांना भाऊ म्हणत. पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा यांनी मला उभं केलं. मी नको म्हणाले नाही. शाळेतली नोकरी सोडली. काम करायची मला हौस होती आणि आवाज मोठा होता. तरी नगरपरिषदेत कुठलंही काम घेऊन गेले की साहेब लोक विचारायचे, "भाऊ नाही आले?" याची मला सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरपरिषदेत गेले ती थेट अभियंता सोळंके यांच्या केबिनमध्ये.

"लॉनसमोरचा कट आज बुजवायचा," मी म्हणाले.

सोळंके उठून उभे राहिले. "बसा ना ताई. चहा सांगू?"

"चहा नको. काँक्रीटचं मिक्सर सांगा."

"कसं आहे ताई, तिथे नागरिकांची मागणी होती..."

"कोणत्या नागरिकांची? एक नाव सांगा."

सोळंके टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. चांगला, शिकलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांची नजर माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. "आपण तिथे पांढरे पट्टे मारू. रिफ्लेक्टर लावू. एक मोठा फलक लावू. कट बंद करायचा म्हणजे जरा संवेदनशील विषय आहे. तुम्ही एकदा घरी बोलून घ्या ना."

"घरी काय बोलू? मी निवडून आलेली आहे, सोळंके."

"नाही नाही, तसं नाही म्हणत मी," ते म्हणाले.

मला राग आला तो वेगळ्याच कारणानं. मला वाटलं, पुन्हा तेच. बाईनं सांगितलेलं काम नवऱ्याला विचारल्याशिवाय करायचं नाही. त्या रागात मी तो विषय सर्वसाधारण सभेत नेला. उभी राहून बोलले. तस्नीमचं नाव घेतलं, तिचं वय सांगितलं, ती कशी पळायची ते सांगितलं. आमच्या सभेत एरवी माईक खेचाखेची व्हायची, विरोधी बाकावरचे ओरडायचे. त्या दिवशी सगळे चिडीचूप. विरोधकांतला एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागला आणि दोघांनी हसू दाबलं. अध्यक्षांनी विषय रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवला. मी खाली बसले तेव्हा माझ्या शेजारची नगरसेविका पुटपुटली, "धाडस आहे बाई तुमचं." कौतुक होतं की टोमणा, मला कळेना.

घरी हे म्हणाले, "छान बोललीस म्हणे."

"समितीकडे ढकलला विषय."

"होईल गं. समिती काहीतरी करेल. तू फार जिवाला लावून घेऊ नकोस."

समितीनं केलं. पुढच्या आठवड्यात मी रिक्षानं स्टेशन रोडवरून जात होते, तेव्हा ते दिसलं. कटच्या अगदी तोंडाशी, लोखंडी सांगाड्यावर भला मोठा फ्लेक्स. 'सावकाश जा. घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.' खाली हात जोडलेला माझा फोटो, माझ्या मागे यांचा फोटो, आणि लाल अक्षरांत 'सौजन्य: सौ. अनुराधाताई दिनकरराव टेकाळे'.

मी रिक्षा थांबवली. उतरून त्या कटमध्ये उभी राहिले आणि कॉलेजच्या बाजूला बघितलं. काही दिसेना. फलक एवढा रुंद होता की येणारी गाडी अंगावर आल्याशिवाय कळली नसती. आधी निदान समोरचं दिसायचं. आता माझ्या हसऱ्या चेहऱ्याच्या आडून गाड्या बाहेर येत होत्या.

मी फ्लेक्सचा खालचा कोपरा धरला आणि ओढला. सुतळ्या तुटल्या, एका बाजूनं फ्लेक्स लोंबला. मी ओढतच राहिले. रिक्षावाला "ताई, ताई" म्हणत धावत आला. फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून मी त्याला म्हणाले, "रेहानाभाभींच्या घरी चल."

तस्नीमला घरी आणलं होतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. रेहानाभाभी शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं. मी फ्लेक्स त्यांच्यासमोर टाकला.

"हा मी लावला नाही, भाभी. मला विचारलंही नाही कोणी. मी कट बंद करा म्हणून भांडतेय आणि हे लोक..."

"नाटक बस करा ताई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आधी वाट फोडायची, मग बोर्ड लावायचा, मग बोर्ड फाडायचा. आम्ही काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

"वाट मी फोडली?"

"लॉन तुमचं. वाट कोणासाठी फोडली मग?"

"लॉन गिरमेचं आहे."

रेहानाभाभी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी पूर्वीच्या आवाजात बोलल्या. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"गिरमे नावाला आहे. अर्धं लॉन भाऊंचं आहे. डिव्हायडर फोडला तेव्हा भाऊ स्वतः खुर्ची टाकून बसले होते तिथे. काँक्रीट फोडायचं मशीन माझ्या दिराचंच होतं कामाला. अख्ख्या गावाला माहीत आहे ताई."

अख्ख्या गावाला. सोळंक्यांना, सभेतल्या प्रत्येकाला, शेजारच्या बाईला, हॉस्पिटलच्या बाकावरच्या माणसांना. मी सभेत उभी राहून हात उडवत बोलत होते, तेव्हा ते सगळे काय बघत होते ते मला तिथे, त्या शिवणाच्या मशीनसमोर कळलं.

आतून तस्नीमचा आवाज आला, "अम्मी, मॅडम आहेत का?"

"हो," रेहानाभाभी म्हणाल्या.

"त्यांना सांग, मला आत्ता भेटायचं नाही."

मी उठले.

हे जेवायला बसले होते. मी विचारलं, "चैत्रगौर लॉन्स तुमचं आहे?"

घास तोंडात होता. तो सावकाश चावून, गिळून मग म्हणाले, "अर्धी भागीदारी आहे. तुला सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

"अगं, दहा उद्योग असतात माणसाला. सगळे काय बायकोला सांगत बसतो का कोणी?"

"आणि तो कट?"

"त्याशिवाय लॉन चालत नव्हतं. कॉलेजच्या बाजूनं येणारा माणूस चौकापर्यंत जाऊन परत येत नाही, तो दुसरं लॉन बघतो. लोकांना वळसा नको असतो, अनुराधा. धंदा आहे तो."

"पोरीचा पाय गेला."

"मला काय आनंद झालाय का? जीपवाल्याची चूक आहे, त्याच्यावर केस आहे. तस्नीमला चांगला पाय बसवून देऊ आपण, जयपूरचा. मीच देणार आहे. आणि तुझं नाव होतंय ना यात? तू सभेत बोललीस, तुझा फोटो लावला. दोन महिने लोक बोलतात, मग विसरतात." त्यांनी ताट पुढे केलं. "भाकरी वाढ."

मी भाकरीची दुरडी उचलली आणि त्यांच्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवली. "घ्या हातानं," म्हणाले आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मोठा मुहूर्त होता. लॉनला कमान लागली होती, चौकापासून माळा. मी घरातली एक प्लॅस्टिकची खुर्ची रिक्षात घातली, भर दुपारी स्टेशन रोडवर उतरले, आणि कटच्या मधोमध खुर्ची टाकून बसले.

पहिली गाडी आली तिनं हॉर्न वाजवला. मी हलले नाही. ड्रायव्हर उतरला, "ओ बाई, डोकं फिरलंय का?"

"चौकातून वळा."

"आतापर्यंत इथूनच जात होतो!"

"आता नाही जायचं."

मागे गाड्या लागल्या. कोणी शिव्या दिल्या, कोणी मोबाईलवर फोटो काढले. कोणीतरी ओळखलं, "अरे, भाऊंच्या मिसेस आहेत!" आणि गर्दी आणखी वाढली. मी मान खाली घातली नाही. शाळेच्या मैदानावर शेकडो पोरींना एका शिट्टीवर उभी करणारी बाई मी. ऊन डोक्यावर होतं, घाम डोळ्यांत जात होता, पण मी खुर्चीचे हात सोडले नाहीत.

थोड्या वेळानं माझ्या बाजूला काहीतरी सरकल्याचा आवाज आला. रेहानाभाभी. त्यांनी शिवणाच्या मशीनचं स्टूल आणलं होतं. त्या माझ्याशेजारी बसल्या. मग त्यांची नणंद आली. मग मोहल्ल्यातल्या, मग माझ्या गल्लीतल्या बायका, काही पाटावर, काही तशाच जमिनीवर. कट भरून गेला.

पोलीस इन्स्पेक्टर आले, सोळंके आले.

"मॅडम, रस्ता अडवणं गुन्हा आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"हा रस्ता आहे का? सोळंके, इथे वाट कोणी मंजूर केली ते सांगा. मंजूर असेल तर मी या क्षणाला उठते."

सोळंक्यांनी रुमालानं मान पुसली.

"बोला ना! मंजूर आहे की नाही?"

"मंजुरी... तशी लेखी नाही," ते म्हणाले. मागच्या लोकांनाही ऐकू गेलं.

तेवढ्यात हे आले. पांढरा कडक सदरा, गळ्यात लग्नाचं उपरणं. गर्दीनं वाट दिली. माझ्याजवळ येऊन, ओठ न हलवता म्हणाले, "उठ. घरी चल. घरी काय बोलायचं ते बोल."

"इथेच बोलू. तुम्ही डिव्हायडर फोडला तो घरी बसून नव्हता फोडला."

"अनुराधा, तमाशा करू नकोस."

मग मी माझा मैदानावरचा आवाज लावला. लग्नाच्या बँडवाल्यांनीही वाजवायचं थांबवलं. "हे लॉन कोणाचं आहे ते सांगा, टेकाळे! सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून. तुमच्या तोंडून एकदा ऐकू दे. अर्धं लॉन दिनकर टेकाळेचं. दिनकर टेकाळेनं डिव्हायडर फोडला. आणि तस्नीम शेखचा पाय गेल्यावर दिनकर टेकाळेनं बायकोचा फोटो लावला तिथे!"

यांचा चेहरा मी लग्नानंतर तसा कधी बघितला नव्हता. राग नव्हता त्यात. लोक बघतायत, एवढंच होतं. त्यांनी आजूबाजूला एकदा नजर फिरवली, उपरणं नीट केलं आणि लॉनच्या फाटकातून आत निघून गेले.

मागच्या गाडीतून नवरीचे वडील उतरले. फेटा बांधलेला, घामाघूम, हात जोडलेले. "बाई, माझ्या पोरीचं लग्न आहे हो. ती गाडीत बसलीय. आमचा काय दोष? मुहूर्त टळेल."

"दोष तुमचा काहीच नाही, दादा. चौकातून वळून या. मी तुमच्या पाया पडते, पण इथून नाही."

त्यांनी चौकाकडे बघितलं. मग वळून ओरडले, "चला रे, चौकातून घ्या गाड्या!"

फुलं लावलेली गाडी निघाली. तिच्यामागे वऱ्हाडाच्या गाड्या, जीप, टेम्पो, सगळ्या एकामागे एक चौकाकडे गेल्या. आम्ही सगळ्याजणी माना वळवून बघत होतो. बँडवालेही बघत होते. ती फुलांची गाडी स्टेशन चौकात वळली, पलीकडच्या बाजूनं आली आणि लॉनच्या फाटकासमोर उभी राहिली. नवरी उतरली. कोणीतरी तिच्यावर छत्री धरली. हे सगळं व्हायला दोन-तीन मिनिटंही लागली नाहीत. पाठोपाठ आतून मंगलाष्टकांचा आवाज आला.

रेहानाभाभी त्या फाटकाकडे बघत होत्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "ताई, एवढाच वळसा होता?"

आणि मग त्या स्टुलावर बसल्याबसल्या, तोंडाला ओढणी न लावता, मोठ्यानं रडल्या. हॉस्पिटलात रडल्या नव्हत्या त्या.

आम्ही उठलो नाही. संध्याकाळी नगरपरिषदेचा ट्रॅक्टर आला. सोळंक्यांनी स्वतः उभं राहून कट बुजवून घेतला. आम्ही दोघी खुर्ची आणि स्टूल उचलून बाजूला झालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच सरळ.

माझ्यावर रस्ता अडवल्याचा गुन्हा दाखल झाला. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला. तिकीट यांना मिळालं आणि हे निवडून आले. हो, आले. लोकांनी दिली मतं. मी घर सोडलं नाही, घर माझंही होतं. मी शाळेत परत रुजू झाले, स्वयंपाक वेगळा केला, आणि यांच्याशी कामापुरतं बोलत राहिले. जयपूरचा पाय रेहानाभाभींनी यांच्याकडून घेतला नाही. मोहल्ल्यानं आणि नर्सिंग कॉलेजच्या मुलींनी मिळून तो केला.

खटला वर्षानुवर्षं चालला. शेवटच्या तारखेला सोळंके सरकारी साक्षीदार म्हणून उभे राहिले. तोवर ते निवृत्त झाले होते. माझ्या वकिलांनी विचारलं, "आरोपी बसल्या त्या जागी मंजूर रस्ता होता?"

"नव्हता," सोळंके म्हणाले. "तिथे डिव्हायडर होता. तो बेकायदा फोडला होता. मला माहीत होतं."

मला निर्दोष सोडलं.

कोर्टाच्या आवारात हे गाडी घेऊन उभे होते. आता केस पांढरे झाले होते. काच खाली करून म्हणाले, "झालं ना समाधान? सुटलीस. आता तरी सोड तो राग."

मला त्यांच्या आवाजात एक थकवा ऐकू आला. क्षणभर वाटलं, बसावं गाडीत. मग ते पुढे म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी वर्षं घातलीस."

"एवढीशी?" मी म्हणाले. माझा आवाज पुन्हा मैदानावर गेला. आवारातले वकील वळून बघायला लागले. "ती पोर जन्मभर चालणार आहे त्या पायावर! तुम्हाला अजून ती गोष्ट एवढीशी दिसते?"

त्यांनी काच वर केली.

फाटकाशी तस्नीम उभी होती. ती आता सिव्हिलमध्येच सिस्टर आहे. मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटी, अंगावर पांढरा गणवेश. "मॅडम, बसा लवकर, ड्युटी आहे माझी," ती म्हणाली. मी मागे बसले. निकाल काय लागला ते तिनं विचारलं नाही, माझ्या आवाजावरून कळलं असावं.

बसस्टँडच्या वळणावर तिनं वेग कमी केला. "मॅडम, हे बघितलंत का?"

नव्या डिव्हायडरला मधोमध ताजं भगदाड होतं. सळया बाहेर आलेल्या, काँक्रीटचे तुकडे अजून रस्त्यावर पडलेले. समोर एक नवं हॉटेल उभं राहत होतं. उद्घाटनाच्या पताका लागल्या होत्या.

"कधी फोडलं?" मी विचारलं.

"काल नव्हतं."

"कोणाचं आहे हॉटेल?"

तस्नीमनं स्कूटी कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं.

"ड्युटी?" मी म्हणाले.

"जाईन उशिरा," ती म्हणाली. "चला, विचारू."